मागे बसणाऱ्या वादकाचे ऋण

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना रंगात येते, तेव्हा सर्वांची दृष्टी धर्मोपदेशकाकडे आणि गायकवृंदाकडे असते. ड्रमवादक एका बाजूला, पुष्कळदा पारदर्शक पडद्याआड बसलेला असतो. परंतु उपदेशकाचे भाषण कोणत्या क्षणी लयीत शिरणार, समुदाय केव्हा उभा राहणार आणि गाणे कोठे आवरावयाचे, हे ज्याला सर्वांच्या आधी कळावे लागते तो हाच माणूस. त्याच्यापुढे स्वरलिपीचा कागद बहुधा नसतो. उपदेशकाचा श्वास आणि ऑर्गनवादकाचा इशारा यांवर लक्ष ठेवून तो वाजवितो. गॉस्पेल संगीताचा मोठा भार अशा वादकांनी वाहिला आहे. त्या मानाने त्यांच्या पदरात काय पडले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

या वाद्याला त्या समाजाच्या इतिहासात विशेष अर्थ आहे. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवीत निघाले होते. पुढच्याच वर्षी त्या वसाहतीच्या विधिमंडळाने कायदा करून गुलामांना ढोल, शिंगे आणि तत्सम मोठ्या आवाजाच्या वाद्यांची मनाई केली. ढोल गेला, पण ताल गेला नाही. टाळ्या, पायांचा ठेका आणि लाकडी जमिनीवर आपटलेली काठी यांतून तो जिवंत राहिला. गुलामगिरी संपल्यानंतरही प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चना ढोल नकोसाच होता. ती गुत्त्यातली आणि नाचघरातली वस्तू मानली जाई. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पेंटेकोस्टल पंथीयांनी, विशेषतः चार्ल्स मेसन यांच्या ‘चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट’ने, ही सोवळ्याओवळ्याची कल्पना झुगारली. डफ आणि झांजांनी देवाची स्तुती करा असे स्तोत्रसंहितेतच म्हटले असताना ढोलाला मज्जाव कशासाठी, हा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता.

तेव्हापासून चर्च हीच ड्रमवादकांची शाळा झाली. लहान मुलाने मोठ्या वादकाशेजारी बसावे, प्रार्थना संपल्यावर काठ्या हाती घ्याव्यात आणि वर्षानुवर्षे दर रविवारी वाजवीत हात तयार करावा, अशी ही परंपरा आहे. तिच्यात शुल्क नाही आणि प्रमाणपत्रही नाही. वॉशिंग्टन परिसरातील पेंटेकोस्टल वातावरणात वाढलेले एरन स्पिअर्स याच वाटेने पुढे आले. अशर, आरियाना ग्रांदे यांच्यासारख्या गायकांना त्यांनी साथ केली आणि २००६ च्या ‘मॉडर्न ड्रमर’ महोत्सवातील त्यांचे वादन जगभरच्या विद्यार्थ्यांनी गिरविले. २०२३ मध्ये अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. चर्चमध्ये घडलेला हात बाजाराला किती मोलाचा वाटतो, याचे हे उदाहरण आहे. प्रवाह उलटही वाहतो. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये अरेथा फ्रँकलिन यांचे ‘अमेझिंग ग्रेस’ ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा ड्रमवर होते स्टुडिओतील नामांकित वादक बर्नार्ड पर्डी. त्या ध्वनिमुद्रिकेच्या वीस लाखांहून अधिक प्रती अमेरिकेत खपल्या.

परंतु हात मोलाचा असणे वेगळे आणि हाताला मोल मिळणे वेगळे. १९६९ मध्ये ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाने गॉस्पेल गीतावर आधारलेले ‘आमेन, ब्रदर’ ध्वनिमुद्रित केले. त्यात ग्रेगरी कोलमन यांनी चार आवर्तने एकट्याने ड्रम वाजविला. सारे वादन सहा-सात सेकंदांचे होते. पुढे हिप-हॉप आणि इंग्लंडमधील नृत्यसंगीताने ते तुकडे उचलून हजारो गाण्यांत वापरले. कोलमन यांना त्याचा मोबदला मिळाला नाही. २००६ मध्ये ते निवर्तले, तेव्हा ते बेघर होते असे त्यांचे सहकारी रिचर्ड स्पेन्सर यांनी सांगितले आहे. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे चोवीस हजार पौंड स्पेन्सर यांना दिले. कोलमन यांच्या दृष्टीने ही कृतज्ञता नऊ वर्षे उशिरा आली.

हा केवळ एका माणसाचा दैवदुर्विलास नव्हे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले, तर वादकाला काहीच मिळत नाही. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणासाठी मानधन ठरविले. त्यातही निम्मा वाटा ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा, पंचेचाळीस टक्के मुख्य कलावंताचा, आणि साथीच्या सर्व वादकांना मिळून अडीच टक्के!

देवाच्या सेवेचे दाम मागू नये, असे यावर म्हटले जाते. स्वेच्छेने वाजविणाऱ्याची भक्ती आदरणीय आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ज्या चर्चमध्ये इतरांना वेतन मिळते, ज्या ध्वनिमुद्रिकेवर कंपनी नफा कमावते, तेथे एकट्या वादकालाच निष्काम कर्माचा उपदेश करणे हे भक्तीचे नव्हे, सोयीचे तत्त्वज्ञान होय.

आपणही या बाबतीत फुशारकी मारण्याचे कारण नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला; त्यांची नावे पडद्यावर क्वचितच आली. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात कलावंतांचा मानधनाचा हक्क मान्य झाला खरा. पण ज्याचा सहभाग चित्रपटात किरकोळ आणि व्यवसायाच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला या हक्कांपुरते ‘कलावंत’ मानले जाऊ नये, अशी पळवाटही त्याच कायद्यात आहे. म्हणजे ज्याचे नाव वगळण्याची प्रथा, त्याचाच हक्क दुबळा.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत वादकांची नावे नोंदली जावीत, साथीदारांचा वाटा वाढवावा आणि धार्मिक संस्थांनी नियमित वादकाला नियमित मानधन द्यावे. ज्या समाजाचा ढोल कायद्याने हिरावून घेतला गेला, त्याने तो परत मिळविला. आता ढोल वाजविणाऱ्याला त्याचा वाटा मिळवून देण्याचे काम कायद्यानेच करावयास हवे.