बॉक्स उतरवण्यापूर्वी

‘गिअर पडत नाही’ ही तक्रार घेऊन जुनी गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ‘बॉक्स उतरवावा लागेल.’ कधी ते खरेही असते. परंतु पुष्कळदा ते घाईचे असते आणि त्या घाईची किंमत गिऱ्हाईक मोजतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्यापैकी अनेकांचा संसार गॅरेजवर चालतो आणि अनेक लहान व्यापाऱ्यांचा माल जुन्या गाडीतून बाजारात जातो. म्हणून दोन्ही बाजूंनी हा विषय पाहिला पाहिजे.

मारुती ८०० चेच घ्या. १९८३ साली ती रस्त्यावर आली, २०१४ साली बनणे बंद झाले, तरी लहान गावांतून ती अजून दिसते. या गाडीत हातातला दांडा गिअरबॉक्सवर बसलेला नसतो. बॉक्स पुढे इंजिनाला जोडलेला आणि दांडा दोन सीटांच्या मध्ये, मधला संबंध गाडीखालून जाणाऱ्या रॉडचा. त्या रॉडच्या सांध्यांना बुश असतात. वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि चिखलाने ते झिजतात. मग दांडा सैल पडतो, न्यूट्रलमध्येही डावीउजवीकडे डुलतो, पहिला टाकायला जावे तर तिसरा लागतो. बॉक्सच्या आतले दात मात्र धडधाकट असतात. बुश आणि पिन बदलण्याचे काम बॉक्स न उतरवता होते आणि त्याचा खर्च बॉक्स उघडण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांना हे शिकवावे लागत नसे. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगखाली, त्यामुळे रॉड आणि सांधे पुष्कळ. दांडा ढिला झाला की आधी ते सांधे पाहायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. गाडी गेली, पण ती नजर कारागिराने सोडू नये.

दुसरा खरा गुन्हेगार क्लच. याची परीक्षा अगदी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात आणि इंजिन चालू करताच अडतात किंवा करकरतात, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. क्लच वायर ताणली गेली असेल, पेडलचा प्ले वाढला असेल. मारुती ८०० मध्ये वायरच्या टोकाला नट असतो, तो फिरवून प्ले बसवता येतो. तेवढ्याने भागले नाही तर वायर, आणि मग प्लेट. बंद इंजिनातही गिअर जड पडत असेल तर मात्र दोष रॉडमध्ये किंवा बॉक्सच्या आत शोधावा.

करकर एकाच गिअरला होत असेल, समजा फक्त दुसऱ्याला, तर त्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग झिजलेली असण्याचा संभव मोठा. इथे बॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. रिव्हर्सची करकर वेगळी. जुन्या गाड्यांत बहुधा रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबले आणि गाडी पूर्ण उभी असली की आवाज जातो. एवढ्यासाठी बॉक्स उघडणे म्हणजे गिऱ्हाइकाचा खिसा उघडणे होय.

चालत्या गाडीत गिअर निसटत असेल तर आधी इंजिन आणि बॉक्सचे रबरी माउंटिंग तपासावे. फाटलेल्या माउंटिंगवर इंजिन हलते आणि रॉडला ओढते.

तेलाबद्दल तर आमची तक्रारच आहे. इंजिन ऑइल सगळे विचारतात, गिअर ऑइल कोणी विचारत नाही. बाजूचा नट उघडून बोट घालावे. तेल त्या भोकाच्या कडेपर्यंत हवे. बोटाला पितळेची चकाकी लागली तर रिंग झिजते आहे हे समजावे. आणि डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. जिथे जी.एल. ४ सांगितले आहे तिथे ‘जास्त भारी’ म्हणून जी.एल. ५ घालू नये. त्यातील रसायन काही वेळा पितळाला मानवत नाही, आणि ते जास्त निसरडे असल्याने सिंक्रोची पकडही कमी होते.

आता मूळ दुखणे. कारागीर थेट बॉक्सकडे का धावतो? कारण बॉक्स उतरवण्याची मजुरी मिळते, अर्धा तास गाडीखाली झोपून दोष शोधण्याची मिळत नाही. शेवटी बुशच निघाला तर गिऱ्हाईक म्हणते, ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ डॉक्टरची फी आपण औषधाच्या गोळीवरून ठरवत नाही, मग उस्तादाची का ठरवावी? गॅरेजवाल्यांनी तपासणीची मजुरी वेगळी सांगावी, कामाआधी सांगावी आणि पावतीवर लिहावी. गिऱ्हाइकाने ती कुरकुर न करता द्यावी. बॉक्स उतरवायचा ठरला तर आधी बाहेरचे काय काय तपासले हे मालकाला तोंडाने सांगावे आणि बदललेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा, त्याने मागितला नाही तरी.