दगडासोबत आलेला पाहुणा

भिवंडीतल्या एका अम्मींनी घाबरून विचारलं, "टीचर, खाऱ्या पाण्याच्या टाकीत रात्री दगडाखालून गोमेसारखा किडा निघतो. दगडच फेकू का?" आम्ही म्हटलं, थांबा.

हा समुद्री दगडात लपून आलेला, गांडुळाचा काटेरी भाऊबंद. बहुतेक जाती उरलेलं खाणं साफ करतात. ते फार वाढले, तर दाणे जास्त पडताहेत असं समजावं. घरातलं प्रत्येक मूल येता-जाता चिमूट टाकतं! खाणं एकाच्याच हाती द्यावं.

उघड्या हातानं मात्र धरू नये. बारीक काटे कातडीत मोडतात, आग होते. चिकटपट्टी लावून ते ओढून काढावेत. सूज वाढली तर डॉक्टर गाठावा. किडे कमी करायचे तर भोकं पाडलेल्या छोट्या बाटलीत कोळंबीचा तुकडा घालून रात्री तळाशी ठेवावी, फजरला उठल्यावर चिमट्यानं काढावी. तांब्याचं औषध ओतू नये. शंख, कोळंब्याही मरतात आणि कुजलेल्या किड्यांमुळे पाण्यात अमोनिया वाढून मासे जातात.

नवा दगड घेताना कुणी जिवंत पोवळं देऊ केलं, तर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याच्या विक्रीला बंदी आहे.