मुलांच्या ब्लड कॅन्सरचं दुसरं वर्ष

हुपरीत पावसाळा लागला की लॅबच्या खिडकीवर दिवसभर एकच प्रश्न येतो, "मॅडम, प्लेटलेट किती?" आकडा खाली गेलेला दिसला की घरचे डेंग्यू ठरवून मोकळे होतात आणि पपईच्या पानांच्या शोधाला लागतात. बहुतेक वेळा तो डेंग्यूच असतो. पण मशीनने आकडा दिला तरी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे टेक्निशियन म्हणून माझं काम आहे. क्वचित कधी त्या पट्टीवर भलत्याच पेशी दिसतात. मोठं केंद्रक, भोवती पेशीद्रवाची जेमतेम कड, एकीसारखी दुसरी. त्यांना ब्लास्ट म्हणतात, आणि त्या दिसल्या की ब्लड कॅन्सरचा संशय येतो. पट्टी त्याच दिवशी कोल्हापूरला पॅथॉलॉजिस्टकडे जाते. निदान सांगायचा अधिकार माझा नाही, तो नसावाच. बाहेर बाकड्यावर बसलेल्या आईला मी एवढंच सांगते की आजच्या आज मुलांच्या डॉक्टरांना गाठा.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या तोंडी 'ए.एल.एल.'. दोन ते पाच वर्षांच्या वयात तो जास्त दिसतो. ब्लड कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे घरात रडारड सुरू होते, नातेवाईक भेटून जायला येतात. श्रीमंत देशांत आज या आजाराची दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात. औषधं कुठली, किती, कोणत्या क्रमाने द्यायची हे ठाऊक आहे, आणि त्यातली बरीचशी आपल्या देशातच तयार होतात.

या औषधांपैकी एकाची मुळी आपल्या मुंबईत, परळलाच आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या अंगातलं रक्त का आटतं, हे त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्काने तो पंडुरोग बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये जगाला दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. रक्तपेशी वाढायला ते लागतं, तर मग ते अडवलं की कॅन्सरच्या पेशीही अडतील, हा विचार बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी केला. फॉलिक अ‍ॅसिडला अडवणारं अमिनोप्टेरिन त्यांना मिळालं ते आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून. १९४८ साली फार्बर यांनी प्रसिद्ध केलं की सोळापैकी दहा मुलांचा आजार काही काळ मागे हटला. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही आपली मुलं घेतात. हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर टाटा रुग्णालय आहे, तिथे आमच्या भागातली पोरं केमोला जातात. गिरणीतल्या बायकांच्या रक्तावरून सुरू झालेली ही विद्या आहे. तिच्यावर कामकऱ्यांच्या लेकरांचा पहिला हक्क आहे असं मला वाटतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात या आजाराची पाचातली चार मुलं जात. १९८४ पासून टाटा, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी इथल्या परिस्थितीला झेपेल अशी 'एम.सी.पी. ८४१' नावाची उपचारपद्धत राबवली आणि वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण दुपटीच्याही वर गेलं. तरी श्रीमंत देशांच्या आपण मागेच आहोत. आपल्याकडे जंतुसंसर्गाने मुलं दगावतात, उशिरा पोचतात, आणि काही जण उपचार अर्ध्यावर सोडतात. टाटामध्ये २००९ च्या सुमारास पाचातलं एक कुटुंब उपचार नाकारत होतं किंवा सोडून जात होतं. राहायला जागा, अन्न, पैशाची मदत आणि गैरहजर राहिलं की घरी फोन, हे सुरू झाल्यावर ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. नवं औषध न आणता, केवळ माणसं धरून ठेवून एवढा फरक पडला!

सोडतात कधी? पहिले काही महिने नाही. तेव्हा सगळं गाव पाठीशी असतं. केस गेलेले, तोंड आलेलं, सलाईन, रक्ताच्या पिशव्या यातून लेकरू बाहेर येतं, केस परत येतात, ते शाळेत जायला लागतं. आणि उपचार संपायला अजून दीड-दोन वर्षं असतात. रोज रात्री मर्केप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, ठरावीक दिवसांनी रक्त तपासून डोस कमी-जास्त करणं, मधूनमधून पाठीच्या कण्यातून इंजेक्शन. खेळणाऱ्या पोराला हे कशाला, असं आजी विचारते. शरीरात लपून राहिलेल्या पेशी कुठल्याच पट्टीवर मला दिसत नाहीत, पण त्या असतात. रोजच्या गोळ्यांपैकी ९५ टक्केसुद्धा पोटात गेल्या नाहीत तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की आपण त्या रेषेच्या खाली!

आता हुपरीतलं चांदीकाम करणारं घर डोळ्यांपुढे आणा. चांदी व्यापाऱ्याची, मजुरी आपली. नवरा झाळकाम करतो, बायको स्वयंपाक उरकून घुंगरं जोडते, हात थांबला की पैसे थांबतात. महात्मा फुले योजनेतून केमोचा खर्च निघतो, मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर नेली आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट माफ आहे. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, सेंट ज्यूडची राहण्याची केंद्रं आहेत. पण महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन येईपर्यंत बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसते? मागे राहिलेल्या धाकट्याला कोण बघतं?

पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांचं दुखणं याहून अवघड. बालरोगतज्ज्ञाकडे जायला ती मोठी, मोठ्यांच्या वॉर्डात लहान. लहान मुलांच्या पद्धतीचे उपचार दिले तर ती जास्त बरी होतात, हे आता मान्य झालं आहे, पण मुलगा कुठल्या दारातून आत गेला यावर ते ठरतं. शिवाय या वयात गोळी घेतली का विचारलेलं आवडत नाही.

डॉक्टर मंडळींना एक हात जोडून सांगणं आहे. पाय दुखतात, ताप जात नाही, मूल पांढरं पडलंय, अंगावर काळेनिळे डाग आहेत, तर रक्त तपासल्याशिवाय स्टेरॉईडचं इंजेक्शन देऊ नका. त्याने ल्युकेमिया काही दिवस दबतो, मूल हसायला लागतं, आणि निदान मागे पडतं.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढण्याची घोषणा झाली, पहिल्या वर्षी दोनशे. माझी मागणी त्या घोषणेला धरूनच आहे. कोल्हापूर जिल्ह्याचं केंद्र मोठ्यांपुरतं नको. आजाराचं निदान आणि पहिले कडक महिने मोठ्या रुग्णालयात होऊ देत, पण नंतरची दोन वर्षं इथे निभावली पाहिजेत. त्यासाठी मुलांना पाठीतलं इंजेक्शन देणारा हात हवा, मर्केप्टोप्युरिनचा साठा कधी न संपणारा हवा, आणि टाटाच्या डॉक्टरांशी रोजचा संपर्क हवा. केमोवरच्या मुलाला ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप सकाळपर्यंत थांबत नाही. तेव्हा केस पेपरच्या रांगेत उभं न राहता थेट आत जाता येईल असं एक कार्ड त्या आईच्या हातात द्या. आणि मूल ठरलेल्या दिवशी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी आशाताई घरी गेली पाहिजे, तिच्या मोबदल्यासकट.

रक्त तपासायला यातल्या कुणी कोल्हापूरलाही जायची गरज नाही. हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोलीच्या पोरांचं रक्त इथेच घेऊन, पट्टी बघून, दुपारच्या आत पॅथॉलॉजिस्टच्या सहीचा अहवाल केंद्राला पाठवता येतो. ते काम करायला मी तयार आहे. कुणाकडे पाठवायचा, एवढं जिल्हा प्रशासनाने सांगावं.