गणपतीत मिळालेला सल्ला

आमच्या गुहागर तालुक्यात मुलांच्या पुढच्या शिक्षणाचे निर्णय वर्षातून दोनदा होतात. एकदा शिमग्याला, एकदा गणपतीला. कारण उघड आहे, तेव्हा मुंबईकर गावात असतात. आरत्या झाल्या, प्रसाद वाटून झाला की ओटीवर गप्पा रंगतात आणि कुणीतरी विचारतं, "काय रे, बारावीनंतर काय?" मुलगा तोंड उघडायच्या आत त्याच्या वतीनं चार जण उत्तरं देतात.

यात हसण्यासारखं काही नाही. गिरण्या चालू होत्या तोवर कोकणातल्या कित्येक घरांचं करिअर मार्गदर्शन म्हणजे परळ-लालबागची एक खोली आणि त्या खोलीतले काका. मलाही असंच नेलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बीकॉम का केलं? तर काकांच्या शेजारच्या खोलीतला मुलगा बीकॉम होऊन बँकेत लागला होता म्हणून. दुसरं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. पण काकांनी कामावर खाडा करून मला कॉलेजात नाव घालायला नेलं होतं, हे काही मी विसरलेलो नाही.

तर सांगायचं होतं ते २०२५ च्या गणपतीतलं. शेजारची मुलगी त्या वर्षी बारावी सायन्स झाली. मार्क चांगले. तिला शेतकी शिकायचं होतं, दापोलीला. तसं जवळच म्हणा, धोपाव्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडली की दाभोळ, आणि तिथून पुढे दापोली. चुलते मुंबईहून आले आणि ठामपणे म्हणाले, "मार्कांवर होतं अ‍ॅडमिशन. सणाचं आटपलं की जाऊन चौकशी करू."

एके काळी ते खरंही होतं. आता सीईटी लागते. तिचा फॉर्म थंडीतच सुटतो आणि शिमग्याच्या आधी बंद होतो. पीसीबीची परीक्षा एप्रिलमध्ये होऊन गेली होती. चतुर्थी होती २७ ऑगस्टला.

"काका, म्हणजे आता काहीच नाही?" तिनं मला विचारलं. चुलते सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले.

कॉलेजनं सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की! नोटीस लागली होती. 'पीसीबी ग्रुपच्या इच्छुक विद्यार्थ्यांनी' अशी काहीतरी सुरुवात होती. तिला वाटलं, हे डॉक्टर होणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या घरी कुणी हे केलेलं असतं त्यांना नोटीस समजून घ्यावी लागत नाही, जेवताना बाबाच विचारतात, "फॉर्म भरलास का?" त्याला कुणी समुपदेशन म्हणत नाही. पण तेच ते.

म्हणून 'कोकणातली मुलं हुशार, पण महत्त्वाकांक्षा नाही' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. २०२५ चाच बारावीचा निकाल घ्या. राज्याचा ९१.८८ टक्के, कोकण विभागाचा ९६.७४, सगळ्यांत वर. पेढे वाटून झाल्यावर पुढच्या चार महिन्यांत या मुलांचं काय होतं, ते कुठल्या पेपरात येत नाही.

उपाय झाले नाहीत असं नाही. २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली, काही वर्षं चालली, बंद पडली. कल कळला तरी फॉर्म कुठे मिळतो ते कळत नाहीच. मग व्याख्यानं. मीही दिलंय एक. नारळ, शाल, सभागृहात दोनेकशे मुलं. पाऊण तास बोललो, स्वप्नं मोठी बघा वगैरे (आता आठवलं की लाज वाटते). "प्रश्न विचारा" म्हटल्यावर चिडीचूप. नंतर गाडीपाशी एक मुलगा आला आणि हळूच म्हणाला, "सर, नॉन-क्रिमीलेअर म्हणजे काय?" त्या दिवशीचा एकमेव खरा प्रश्न, आणि तो शालीच्या नव्हे, गाडीच्या बाजूला विचारला गेला.

शिवाय नियम थांबत नाहीत. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीएलाही सीईटी आली, आणि इतक्या मुलांना ते उशिरा कळलं की त्या वर्षी सीईटी दुसऱ्यांदा घ्यावी लागली. त्याच वर्षी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली. पण प्रवेश कॅप फेरीतून हवा. हे 'पण' कोण सांगणार? काकांचं ज्ञान तीस वर्षांपूर्वीचं, माया मात्र आजची. दोष त्यांचा नाही.

माझं म्हणणं एवढंच, की तालुक्याच्या कॉलेजात आठवड्यातून एक दिवस एक माणूस टेबल मांडून बसायला हवा. पगारी, माहीतगार, आणि ज्याला मूर्ख प्रश्न विचारता येतील असा. डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत. शिक्षकांवर हे टाकू नका, त्यांच्याकडे आधीच कामं थोडी नाहीत. आणि मुंबईतल्या मंडळांनी वह्यावाटपाबरोबर या तारखांचा कागदही वाटावा. बदललेल्या तारखा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकाव्यात, तिथे एरवी येतं त्यापेक्षा ते बरंच.

मुलीनं ते वर्ष बीएस्सीला नाव घालून काढलं आणि पुढच्या सीईटीचा फॉर्म माझ्या ओटीवर बसून भरला. चुलत्यांनी मुंबईहून तीनदा फोन करून विचारलं, भरला का म्हणून. ती येते हे बघून वाडीतली आणखी मुलं रविवारी यायला लागली. या रविवारी तिघं होती. एकाकडे उत्पन्नाचा दाखलाच नव्हता. त्याच्या वडिलांना सोमवारी होडीवर जायचं होतं, तर तहसीलला त्याच्याबरोबर मी जाणार आहे.