दुष्ट असण्याचा हक्क

१८९० साली फिलाडेल्फियाच्या 'लिपिंकॉट्स' मासिकाचे संपादक जे. एम. स्टॉडार्ट यांच्याकडे ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' ही कादंबरी आली. लेखकाला न विचारता त्यांनी सुमारे पाचशे शब्द कापले. चित्रकार बेसिलला डोरियनविषयी वाटणारी ओढ उघड करणारी वाक्ये गेली. डोरियनच्या रखेल्यांचे उल्लेखही गेले. बेसिलचा खून मात्र जसाच्या तसा राहिला. भोसकाभोसकी घरंदाज वाचकांना चालेल, एका पुरुषाने दुसऱ्यावर जीव टाकणे चालणार नाही, असा हा हिशेब.

एवढे करूनही वृत्तपत्रे खवळली आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या विक्रेत्यांनी तो अंक विक्रीतून काढला. १८९१च्या पुस्तकात वाइल्डने स्वतःच आणखी काटछाट केली आणि नवी प्रकरणेही घातली. त्याचा उपयोग झाला नाही. १८९५ मध्ये वाइल्डनेच लावलेल्या बदनामीच्या खटल्यात विरुद्ध बाजूचा वकील एडवर्ड कार्सन याने भर कोर्टात त्याची उलटतपासणी घेतली, तीही मासिकातल्या जुन्या पाठावरून. पुढे पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या १८८५च्या कायद्याखाली वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. डोरियनचा नाश त्याच्या आत्मप्रेमाने होतो. कार्सनला मात्र त्या पानांत फक्त लेखकाविरुद्धचा पुरावा दिसला.

पुढच्या लेखकांनी यातून काय घेतले असेल ते उघड आहे. समलिंगी पात्र अद्भुतकथेत येऊ शकते, पण रक्तपिपासू किंवा शापित म्हणून, आणि शेवटी मेले पाहिजे. शेरिडन ल फान्यूच्या कथेतली रक्तपिपासू कार्मिला १८७२ सालीच हृदयात खुंटा ठोकून संपवली गेली होती. याच्या उलट ई. एम. फॉर्स्टरची 'मॉरिस' पाहा. १९१३-१४ मध्ये लिहिलेली ही कादंबरी छापून आली १९७१ मध्ये, फॉर्स्टरच्या मृत्यूनंतर. तिचा गुन्हा एवढाच की दोघे पुरुष शेवटी सुखाने एकत्र राहतात. शोकांतिका असती तर तिला बहुधा इतके थांबावे लागले नसते.

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ ब्रिटिश साम्राज्यानेच १८६०च्या दंडसंहितेत घातले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते मोडीत निघायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकातली, बाईवर प्रेम करणारी मित्रा हट्टी, स्वार्थी, पुरती जिवंत बाई आहे. तीही आत्महत्याच करते.

अ‍ॅन राइसच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मधले (१९७६) लुई आणि लेस्टाट ही चौकट हलवतात. दोघे मारेकरी आहेत, पण त्यांचे पाप त्यांच्या जवळिकीत नाही, तहानेत आहे. आज काही सद्हेतू वाचकांना समलिंगी नायक धुतल्या तांदळासारखा लागतो. मला तो हट्ट स्टॉडार्टच्या कात्रीचाच चुलतभाऊ वाटतो. मॅकबेथला कोणी सर्व नवऱ्यांचा प्रतिनिधी मानत नाही.

कात्री मात्र म्यान झालेली नाही. मो श्यांग थोंग श्यू या चिनी लेखिकेच्या 'मो दाओ झू शी' या कादंबरीचा नायक प्रेते उठवून लढतो, त्याच्या हातून अनेकांचे जीव जातात, आणि तरी त्याला दुसऱ्या पुरुषाचे प्रेम मिळते. तिच्यावरच्या २०१९च्या चिनी मालिकेत रणसंहार राहिला. प्रेमाची मात्र मैत्री करण्यात आली.