खाटेवरचे दिवस आणि बुडालेली मजुरी

मे महिना म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. तो जेमतेम दोन-तीन आठवडे चालतो आणि अनेक घरांत वर्षभराची रोख रक्कम याच दिवसांत हाती येते. नेमक्या याच काळात घरातला म्हातारा किंवा लेकरू दवाखान्यात भरती झाले, तर सोबत एक माणूस जावाच लागतो. कागदावर भरती एकाची होते, अडकतात मात्र दोघे. रुग्णाचे खाटेवरचे दिवस केसपेपरवर चढतात. खाटेखाली चादर अंथरून झोपणाऱ्याचे दिवस कोणत्याही रजिस्टरात सापडत नाहीत. त्यामुळे दोन दिवसांत आटोपणारे काम सहा दिवस लांबले, तर त्या चार दिवसांची किंमत कुणी मोजत नाही.

सगळेच जादा दिवस वाया गेले असे म्हणता येणार नाही. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आहे. भामरागड जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशे किलोमीटरहून दूर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणच्या गरोदर बाईने तारखेच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त येऊन राहणे शहाणपणाचेच आहे. बाळंतपणानंतर 48 तास दवाखान्यात थांबण्याच्या सल्ल्यालाही कारण आहे. अतिरक्तस्रावासारखे जिवावरचे धोके याच तासांत सर्वाधिक असतात. गावापासून तीन तासांवरच्या रुग्णाला डॉक्टरांनी एक रात्र जास्त ठेवले, तर त्यात काळजी असू शकते.

प्रश्न उरतो तो दुसऱ्या प्रकारच्या दिवसांचा. ताप उतरला आहे, रुग्ण जेवतो आहे, पण तपासणीचा अहवाल यायचा आहे. तज्ज्ञ डॉक्टर सोमवारी येणार आहेत. सोनोग्राफीची पाळी लागलेली नाही. योजनेची मंजुरी अडली आहे, कारण शिधापत्रिका गावाकडे राहिली. यातल्या एकाही दिवशी उपचार होत नाही. खाट अडते, मजुरी बुडते, आणि बाहेर दुसरा रुग्ण व्हरांड्यात पडून असतो.

असे दिवस शरीरालाही भोवतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात धडधाकट वृद्धांना दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवले होते. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू झिजले, ताकदही घटली. हे निरोगी लोक होते. आजारी, अर्धपोटी म्हाताऱ्याची गत याहून बरी असण्याची शक्यता कमीच. दवाखान्यातल्या जंतुसंसर्गाचा धोकाही मुक्कामाबरोबर वाढत जातो.

मुक्काम लांबण्यामागे एक जुना समज आहे: औषध शिरेतून गेले तरच ते खरे. तो डॉक्टरांमध्ये आहे तसाच नातेवाइकांमध्येही. ‘सलाइन लावली नाही’ ही तक्रार वॉर्डात रोज ऐकू येते. प्रत्यक्षात गंभीर फॅल्सिपेरम मलेरियातही आर्टेसुनेटची इंजेक्शने किमान 24 तास दिल्यावर, रुग्ण तोंडाने औषध घेऊ लागला की गोळ्यांचा पूर्ण कोर्स देता येतो. हाडांच्या आणि सांध्यांच्या संसर्गात तर आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध देण्याची रूढी होती. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले: सुरुवातीच्या दिवसांनंतर गोळ्या दिल्या तरी गुण तेवढाच येतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. मात्र गोळ्या गावात मिळाल्या पाहिजेत आणि त्या घेतल्या जातात की नाही हे पाहणारे कुणीतरी हवे. ती सोय नसेल तर डॉक्टर रुग्णाला सोडायला कचरणारच, आणि त्यात त्यांचा दोष काढता येत नाही.

घरी पाठवणे सुरक्षित असते हे भारतातच सिद्ध झाले होते. 1950च्या दशकात क्षयरोग म्हटला की वर्षभर सॅनेटोरियम, चांगले अन्न, पूर्ण विश्रांती असे समीकरण होते. मद्रासमध्ये 193 रुग्णांवर अभ्यास झाला. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे गरिबीतल्या, दाटीवाटीच्या घरांत, औषधे तीच. वर्षअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे आले आणि घरच्यांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. 1959 च्या या अहवालाने जगभरची सॅनेटोरियमे रिकामी व्हायला हातभार लावला.

त्याहून मोठा धडा गडचिरोलीनेच दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी शिकवली. गरज पडल्यास घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचेही प्रशिक्षण त्यात होते. तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून सुमारे 25 वर आला. 1999 मध्ये हे काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे 2011 पासून आशांच्या घरभेटींच्या रूपाने देशभर गेले. याच संस्थेच्या शोधग्राममधले माँ दंतेश्वरी रुग्णालय झोपड्यांच्या रचनेचे आहे. रुग्णासोबत नातेवाइकाला राहता यावे, हे तिथे बांधकामापासूनच गृहीत धरले होते. सरकारी इमारतींचे नकाशे काढताना अजूनही ते गृहीत धरले जात नाही.

दिवस का वाढतात, याचे एक उत्तर पैशांतही आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक पॅकेज असते. तिथे मुक्काम वाढवून रुग्णालयाला सहसा काही मिळत नाही. रोख पैसे भरणाऱ्याकडून मात्र खाटेचे भाडे दिवसागणिक घेतले जाते. बिल थकले म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. विमाधारकांसाठी नियामक प्राधिकरणाने मे 2024 मध्ये वेळमर्यादा घातली: रुग्णालयाची विनंती आल्यावर तीन तासांत सुट्टीची अंतिम मंजुरी द्यायची, उशिरामुळे वाढलेला खर्च विमा कंपनीने सोसायचा. तेंदूपत्ता तोडणाऱ्याकडे असा विमा नसतो. वॉर्डातल्या कागदांसाठी अशीच घड्याळ लावून दिलेली मुदत सरकारी रुग्णालयांत का नसावी?

तोवर नातेवाइकाच्या हातात एक साधा प्रश्न आहे. सकाळच्या राउंडला विचारावे: ‘डॉक्टरसाहेब, आज कशासाठी ठेवलं आहे? काय झालं की सुट्टी मिळेल?’ हा उद्धटपणा नव्हे. उपचारांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. मात्र डॉक्टरांनी थांबायला सांगितलेले असताना, केवळ मजुरी बुडते म्हणून सही करून निघून जाणे धोक्याचे.

परतीच्या प्रवासाचेही आधीच विचारून ठेवावे. बाळंतीण आणि आजारी अर्भकाला घरी सोडणारे वाहन जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. फुले योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे घरी जाण्याचे एसटीचे भाडेही धरलेले असते. ते सहसा कुणी मागत नाही. सुट्टीचा कागद दुपारी चारला हातात पडला आणि गावाकडची शेवटची गाडी तीनला निघून गेलेली असली, तर मुक्काम पुन्हा एका रात्रीने वाढतो. यावेळी खाटेशिवाय, बसस्थानकावर.