शेजारचं गाव वाईट, आपलं तेवढं चांगलं?



गळीत हंगामात वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग लागली की गप्पा निघतात. त्यात एक ठरलेली: अमक्या गावात लय चोऱ्या, तमक्या गावात रोज हाणामारी, आपलं गाव कसं शांत! पुढे त्या गावची सोयरीकसुद्धा नको होते. आम्हांला हे पटत नाही, म्हणून हा प्रपंच.

गुन्ह्यांचा दर लाख लोकसंख्येमागे काढतात. जिल्ह्याला ती रीत ठीक आहे. पण दोन हजार वस्तीच्या गावात धुऱ्यावरून डोकं फुटल्याचा एक गुन्हा नोंदला की दर झाला ५०, आणि पुढच्या साली तीन नोंदले की १५०. माणसं तीच, धुराही तोच! राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात गावाचा रकानाच नसतो, तो काही उगाच नव्हे.

शिवाय ठाण्यात लिहिलं जातं तेवढंच मोजलं जातं. विहिरीवरची मोटर गेली, पण तालुक्याला जाऊन मजुरी कोण बुडवणार? बाई मार खाते, घरची अब्रू म्हणून गप्प बसते. असं गाव कागदावर शांत! उलट जिथला पोलीस पाटील जागा आहे, जिथल्या बाया ठाण्याची पायरी चढतात, तिथं नोंदी वाढतात. आमच्या मते लेकीला द्यायला दुसरंच गाव बरं.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. धुऱ्याचे, वाटेचे वाद गावातच मिटावेत हा हेतू चांगलाच. पण पुढे बक्षीस दिसू लागलं की नोंदच होऊ नये असा मोह गावाला होणारच. धुऱ्याचा तंटा मिटवता येतो. बाईवरचा अत्याचार हा मिटवायचा तंटा नव्हे.

आणखी एक. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. तरी चोरी झाली की आपल्याकडे पहिलं बोट पारधी बेड्याकडे, नाहीतर ऊसतोड टोळीकडे. या टोळीतल्या बाया अंधारात पाण्याला जातात, लेकरं उघड्या कोपीत झोपतात. त्यांच्यावर काही बेतलं तर ते कोणत्या गावच्या नावावर मांडायचं?

तेव्हा गावाची पारख करायची तर एवढं विचारावं: रात्रीच्या लाइनीवर पाणी द्यायला गेलेला माणूस निर्धास्त असतो काय? पोरगी शेवटच्या एस.टी.ने उतरून एकटी घरी येते काय? कोप्यांजवळ दिवा आहे काय? हा शेवटचा प्रश्न कारखान्यालाही आहे.

आणि तक्रार द्यायला हद्दीचं कारण आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. तातडीला ११२ नंबर आहे.